चार बोटं वाळू

सोळा ऑक्टोबरला, रविवारी सकाळी आठ वाजता, मेलाहतने चहाचा पेला टेबलावर ठेवला आणि थोरल्या भावाला सांगितलं, "दादा, घर तूच ठेव. उद्या कचेरी उघडली की माझा हिस्सा तुझ्या नावावर करून देते. मला फक्त हे अंगण उघडून दाखव."

हुर्शित चौसष्ट वर्षांचा होता. आपल्या गावच्या, ताशबुरुनच्या, रोमन अवशेषांमधून पस्तीस वर्षं पर्यटकांना फिरवणारा परवानाधारक गाइड. मेलाहत एकसष्टची, दूरच्या बुर्सा शहरात जमीन-मोजणी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेली. आदल्या दिवशी त्यांच्या आईचा चाळिसावा, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी, झाला होता. गल्लीत पाकातले गरम गोळे वाटून झाले, प्रार्थना झाली, पाहुणे पांगले. घर आता दोघा भावंडांच्या नावावर होतं. मेलाहत काय मागणार हे हुर्शितला ती बसमधून उतरली तेव्हाच कळलं होतं.

अंगण म्हणजे सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद असा काँक्रीटचा तुकडा. एका कोपऱ्यात अंजिराचं झाड, दुसऱ्यात नळ. चाळीस वर्षांत त्याला तीन ठिकाणी तडे गेले होते.

"आजच?" हुर्शितने विचारलं.

"मग कधी? माझ्या चाळिसाव्याला?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गुल्तेन, हुर्शितची बायको, म्हणाली, "अहो, दाखवून टाका ना एकदाचं. इतकी वर्षं मी त्याच्यावर टोमॅटो वाळवतेय. खाली कोण झोपलंय ते मलाही बघू दे."

"इल्यास उस्तादला बोलावलंय," हुर्शित म्हणाला. "तीन वाजता येईल. सकाळी त्याला दुसरं काम आहे."

गवंडी इल्यासला सकाळी काहीही काम नव्हतं. तीनची वेळ हुर्शितनेच दिली होती.

"मग तीनपर्यंत काय करायचं?"

"चल, तुला गाव दाखवतो."

मेलाहत हसली. "मला? गाव?"

"बरंच बदललंय. रोमन थिएटरला लाकडी पायऱ्या केल्यात, बंदरावरच्या खांबांना आता कठडा आहे. म्युझियम तर तू नवं झाल्यापासून पाहिलंच नाहीस."

"ज्या थिएटरात मी दुधाचे दात पडेपर्यंत लपाछपी खेळले ते तू मला दाखवणार," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "चल. फुकटचा गाइड कोण सोडतो?"

आमच्या गावात जुन्या शहराची हद्द आणि राहत्या घरांची हद्द अशा दोन वेगळ्या गोष्टी कधीच नव्हत्या. क्रेट बेटावरून आलेल्या आमच्या पणजोबांनी रोमन भिंतींना टेकून घरं बांधली, दाराच्या चौकटीला संगमरवराचे खांब वापरले, कोंबड्यांची खुराडी देवळाच्या जोत्यावर ठेवली. पुढे सरकारने कायदा केला. जमिनीत काही सापडलं की म्युझियमला कळवायचं. कळवलं की घराला सील लागतं, खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, आणि शेवटी आतल्या बाजूला, कापसाच्या शेतांमध्ये, बदली जागा मिळते. १९७८ साली साफ्फेतच्या कुटुंबाने विहीर खणताना सापडलेला पुतळ्याचा हात इमानदारीने नेऊन दिला. दोन वर्षांत ते समुद्रापासून अकरा किलोमीटरवर राहायला गेले. त्यानंतर गावात कुणाला काही सापडलं नाही.

सापडायचं, पण झाकलं जायचं. झाकायचीही एक रीत ठरलेली होती. आधी वाळू पसरायची, निदान चार बोटं, आणि तिच्यावर काँक्रीट. वाळू असली की खालचं जसंच्या तसं राहतं. नातवंडांना वाटलं, दिवस बदलले, तर उघडतील. वाळू न टाकता ओतणाऱ्याला गावात कुणी चांगलं म्हटलं नसतं. पण आपण तसं केलं असं कबूल करणारा माणूसही गावात नव्हता.

थिएटरच्या फाटकावर याकुप बसला होता.

"काय हुर्शितदादा, आज एकच पर्यटक? धंदा बसला वाटतं."

"माझी बहीण आहे. मेलाहत."

याकुप उठून उभा राहिला. "मेलाहतताई! अहो, मी याकुप. पहारेकरी रेजेपचा धाकटा. तुम्ही मला खांद्यावर घेऊन समुद्रात फेकलं होतं."

"पोहायला शिकलास ना?"

"शिकलो कसला, त्या दिवसापासून पाण्याजवळ जात नाही. म्हणून तर फाटकावर बसवलंय. जा आत, बहिणीचं कसलं तिकीट?"

"दे एक," हुर्शित म्हणाला आणि पाकीट काढलं.

"बघा ताई. एकाच शेतात गाय आणि क्रेटवाला शिरले तर गाईला राहू द्यावं, क्रेटवाल्याला हाकलावं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. गाय पाला खाते, पण निदान मुळं तरी सोडते. हे बहिणीलाही तिकीट लावतात."

"आम्ही मुळंही लिंबू पिळून खातो," मेलाहत म्हणाली. तिने तिकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि खिशात ठेवलं.

तिकीट काढलं की पूर्ण फेरी करावी लागते. पूर्ण फेरीला दीड तास लागतो.

वर बाराव्या रांगेत दोघं बसली. खाली रंगमंचाच्या मागे समुद्र, उजवीकडे पडक्या कमानी. हुर्शितच्या तोंडून सवयीने निघालं, "इथे पंधरा हजार माणसं बसायची. आवाज पोचावा म्हणून उतार बरोबर..."

"दादा, तू माझ्याशी बोलतोयस की ग्रुपशी?"

त्याने वर उचललेला हात खाली घेतला.

मेलाहतने खाली बोट दाखवलं. "ती कमान आहे ना, डावीकडची तिसरी? तिच्या पायाशी माझा खड्डा होता. दोन मीटर बाय दोन मीटर. महिनाभर ब्रशने माती झाडत होते. प्रोफेसर म्हणायचे, या मुलीचा हात स्थिर आहे, पुढच्या वर्षी हिला चित्रांचं काम देऊ."

१९८२ सालच्या सप्टेंबरची गोष्ट. मेलाहत एकवीस वर्षांची होती, पुरातत्त्व शिकत होती, आणि सुट्टीत आपल्याच गावात उत्खननावर काम करत होती. घरी वडील, नुरी, दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या म्हणून नवा संडास बांधत होते. पाच तारखेला, रविवारी, अंगणात गुडघाभर खणल्यावर कुदळ रंगीत खड्यांच्या रोमन फरशीला लागली. बापलेकांनी हाताने माती सारली. मध्ये एक तितर निघालं. लाल चोच, लाल पाय, मान मागे वळवलेली, आणि शेजारी डाळिंबाची फांदी. मेलाहतने ते मावळतीच्या उजेडात वीस मिनिटांत कागदावर उतरवलं. वडील म्हणाले, "काढलंस, छान. आता कुणाला सांगायचं नाही." सोमवारी तिने ते प्रोफेसरांना दाखवलं.

साफ्फेतच्या घराचं काय झालं ते तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, प्रोफेसर आपले आहेत, ते काहीतरी मार्ग काढतील. एकविसाव्या वर्षी असं वाटतं.

"तुला आठवतं का," मेलाहतने विचारलं, "त्या दिवशी तू प्रोफेसरांना काय म्हणालास?"

"आठवतं."

"मलाही."

तिने ते वाक्य उच्चारलं नाही. मंगळवारी दुपारी चार वाजता प्रोफेसर आणि म्युझियमचे दोन अधिकारी अंगणात आले तेव्हा तिथे ओलं काँक्रीट होतं. 'संडासाची फरशी आहे,' वडील म्हणाले. त्या वर्षी गावात प्रत्येकाच्या अंगणात ओलं काँक्रीट होतं, आणि फोडायचा हुकूम अधिकाऱ्यांकडे नव्हता. प्रोफेसरांनी चित्र पुढे करून हुर्शितला विचारलं, हे तुम्ही पाहिलंत का? हुर्शित म्हणाला, "आमच्या मेलाहतला लहानपणापासून गोष्टी रचायची सवय आहे, साहेब." बहीण दाराशी उभी होती. प्रोफेसरांनी चित्राची घडी घातली आणि तिला म्हणाले, इतकं चांगलं चित्र एखाद्या पुस्तकातूनच उतरवता येतं. पुढच्या वर्षी उत्खननाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी तिने शिक्षण सोडलं.

हुर्शितने जे केलं ते घरासाठी केलं, असं तो स्वतःला सांगत आला होता. ते खरंही होतं. घर राहिलं. त्याला छळत होती ती वेगळीच गोष्ट, आणि ती पृथ्वीच्या पाठीवर त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता पहारेकरी रेजेप धावत सांगायला आला की चारला माणसं येतायत. अंगणात वाळूचा एकच ढीग होता, काँक्रीट कालवायला पुरेल एवढा. वडील हातगाडी घेऊन किनाऱ्यावर वाळू आणायला गेले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत हात लावू नकोस. आधी वाळू." देशात तेव्हा लष्कराची राजवट होती; किनाऱ्यावर त्या दिवशी सैनिक होते, ते वाळू उचलू देईनात, म्हणून वडील ओढ्यापर्यंत गेले. दीड वाजला तरी ते परतले नाहीत. हुर्शित घाबरला. त्याने होती ती सगळी वाळू सिमेंटात कालवली आणि सरळ तितरावर ओतली. पहिलं घमेलं चोचीवर पडलं. पावणेतीनला वडील हातगाडी ढकलत आले आणि त्यांनी विचारलं, "वाळू टाकलीस?" हुर्शित म्हणाला, "टाकली. शेजाऱ्यांकडून आणली."

बाराव्या रांगेत बसून त्याने हे सगळं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात खालून जर्मन पर्यटकांचा एक घोळका आला, त्यातल्या एका बाईने रंगमंचावर उभं राहून गाणं म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेलाहतनेही वाजवल्या. मग ती उठली.

बंदरावर पोचायला साडेअकरा झाले. देवळाचे पाच खांब, त्यांच्या खाली चहाची टेबलं. हुर्शितने चहा आणि तीळ लावलेल्या पावाची कडी मागवली. वेटर त्याच्या ओळखीचा होता, त्याने गाइडसाठीचा कडक चहा आणला आणि मेलाहतसमोर पर्यटकांचा फिका ठेवला.

"बघ, मी परकी झाले," ती म्हणाली आणि पेले बदलले.

कड्यांच्या कागदी पिशवीच्या मागच्या बाजूवर ती पेनाने काहीतरी काढत बसली. हुर्शितने पाहिलं. आधी मान, मग चोच, मग पंखांवरच्या काळ्या पट्ट्या. एकदाही न थांबता. डाळिंबाच्या फांदीला तिने सात पानं काढली.

"सात होती का?" त्याने विचारलं.

"सात. एक अर्धं. तुझ्या कुदळीने उडवलेलं." तिने पिशवी त्याच्याकडे सरकवली. "बाबांनी मला इस्पितळात काय सांगितलं होतं, सांगितलंय का मी तुला?"

"नाही."

"चौऱ्याण्णव साली. शेवटच्या आठवड्यात. मी रागानेच गेले होते भेटायला. माझा हात धरून म्हणाले, 'मुली, खाली वाळू आहे. तुझं तितर नुसतं झोपलंय.' त्यानंतर मी आईला फोन करायला लागले. तोपर्यंत बारा वर्षं या घराशी बोलत नव्हते, आठवतं ना?"

"हो."

"एवढ्या एका वाक्यावर मी आले परत. कचेरीत दुसऱ्यांची शेतं कागदावर मोजताना मनात असायचं, माझंही एक काहीतरी आहे, गाडलेलं आहे पण धड आहे."

समोर मासेमारीची एक होडी धक्क्याला लागत होती. हुर्शितने तिच्याकडे बघत सांगितलं, "ही सलिमची होडी. मुलगा चालवतो आता."

"अच्छा," मेलाहत म्हणाली.

तिने चहा संपवला. थोड्या वेळाने म्हणाली, "आता कुठे? तुझ्या यादीत पुढे काय आहे?"

म्युझियम जुन्या रोमन स्नानगृहात आहे. घुमटाखाली सावली आणि दगडांचा थंडावा. हुर्शित तिला शवपेट्यांवरून घेऊन गेला, पुतळ्यांवरून घेऊन गेला, आणि मोझेकच्या, म्हणजे खड्यांच्या फरश्यांच्या, दालनाच्या दाराशी येऊन म्हणाला, "इथे फारसं काही नाही. तिकडे नाणी बघू."

"नाणी नको."

आत भिंतीला टेकवलेल्या तीन फरश्या होत्या. एका फरशीचा खालचा भाग करडा आणि खरबरीत होता, खडे अर्धे दिसत होते. शेजारी पाटी होती. शहराच्या बाहेरच्या एका गोदामात, काँक्रीटखाली सापडलेली फरशी. मेलाहतने पाटी सावकाश वाचली.

"ही बघ. हिच्यावर थेट ओतलं होतं," ती म्हणाली. "काँक्रीट खड्यांना धरून बसतं. तरी सुटतं ते. पण आख्खा तुकडा खालून कापून न्यावा लागतो, आणि मग प्रयोगशाळेत सुईने टोकरत बसतात. दोन वर्षं, तीन वर्षं. पहारीने उचकटलं तर संपलं, खडे काँक्रीटबरोबर वर येतात आणि भुगा होतो." तिने भावाकडे पाहिलं. "आपल्याकडे वाळू आहे म्हणून बरं. नाहीतर मी इल्यासला हात लावू दिला नसता, आधी इथे येऊन सांगितलं असतं."

हुर्शितने घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"जेवून घेऊ," तो म्हणाला. "गुल्तेन वाट बघत असेल."

गुल्तेनने शेतातून खुडलेली रानभाजी उकडून ऑलिव्ह तेल आणि लिंबू घातलं होतं, सोबत तळलेले मासे. हुर्शित जेवला नाही. गुल्तेन म्हणाली, "सकाळपासून बहिणीला उन्हात फिरवलंत, आता तुम्हालाच पित्त झालं." मेलाहतने दोनदा भाजी घेतली आणि आईच्या हाताची चव आली म्हणून वहिनीचं कौतुक केलं.

इल्यास तीनला पाच मिनिटं कमी असताना आला. त्याच्याकडे काँक्रीट फोडायचं ब्रेकर यंत्र, लांब पहार आणि घमेली होती. बहात्तरीचा माणूस, १९८२ साली हुर्शितला सिमेंटची पोती त्यानेच दिली होती.

"शेवटी तितर बाहेर येणार म्हणा," तो म्हणाला. "मीही माझं उघडणार आहे. आमच्याकडे नुसते चौकोन चौकोन आहेत. तुमच्या बाबांनी मला जळवायला म्हणून सांगितलं होतं, आमच्याकडे पक्षी आहे."

"तुम्हालाही माहीत होतं?" मेलाहतने विचारलं.

"ताई, गावात सगळ्यांना माहीत होतं."

"आणि त्या मंगळवारी चार वाजता गल्लीत गप्प उभे होते सगळे."

इल्यासने टोपी काढून डोकं खाजवलं. "तेव्हाचे दिवस तसे होते, ताई. आज असतं तर... काय सांगू." त्याने टोपी परत घातली, अंगणात मधोमध उकिडवा बसला आणि एका तड्यात बोट घातलं. "काँक्रीट वीतभर तरी असेल. हुर्शित, नीट आठवून सांग. खाली वाळू किती टाकलीस? त्यावर ठरेल मी किती जोर लावायचा ते. वाळू पातळ असेल तर छन्नीने करतो, चार दिवस लागतील. वाळू नसेल तर मी हातच लावणार नाही, सरळ सांगतो. जाड असेल तर तासाभरात मोकळं."

मेलाहत अंजिराला टेकून उभी होती. हात मागे. ती इल्यासकडे बघत नव्हती, भावाकडे बघत होती.

"चार बोटं," हुर्शित म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. बाबांनी सांगितलं होतं तशी."

इल्यासने मेलाहतकडे पाहिलं. तिने काही म्हटलं नाही. त्याने ब्रेकर सुरू केलं.

वीस मिनिटं आवाजाशिवाय काही नव्हतं. धुळीत गुल्तेनने खिडकी लावून घेतली. इल्यासने हातभर चौकोन चारी बाजूंनी तोडला, यंत्र बंद केलं, फटीत पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. वाळूवरचं काँक्रीट डबीच्या झाकणासारखं उचललं जातं. हे उचललं गेलं नाही. इल्यासने दुसऱ्यांदा जोर दिला. खालून कडकड असा बारीक आवाज आला आणि तुकडा उलटा पडला.

त्याच्या खालच्या अंगाला जुना चुना होता, आणि चुन्यात रुतलेल्या खड्यांच्या पाठी. खड्यांची तोंडं काँक्रीटच्या आत होती. खड्ड्यात उरले होते ते सुटे खडे. लाल, काळे, पांढरे, थोडे हिरवे. बहुतेक फुटलेले.

इल्यास गुडघ्यांवर बसला. त्याने खड्ड्यात हात घालून चिमूटभर उचललं आणि बोटांत चोळलं.

"वाळू कुठंय?" त्याने विचारलं. "हुर्शित, वाळू कुठंय रे?"

"नव्हती," हुर्शित म्हणाला. "टाकलीच नव्हती."

"अरे माणसा," इल्यास म्हणाला, "अरे, मी दोनदा विचारलं तुला."

त्याने पहार बाजूला ठेवली. मग हत्यारं गोळा केली, नळावर हात धुतले आणि दारापाशी जाऊन म्हणाला, "मी आज इथे आलो नव्हतो. मी काही पाहिलं नाही." आमच्याकडे हे म्हणायची सवय जुनी आहे. पण फाटकातून तो परत वळला आणि म्हणाला, "ताई, माफ करा." मग गेला.

दोघं भावंडं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभी राहिली. हुर्शितने सगळं सांगितलं. वाळूचा एकच ढीग, किनाऱ्यावरचे सैनिक, दीड वाजलेला, पहिलं घमेलं. वडिलांचा प्रश्न आणि आपलं उत्तर. बोलायला चार मिनिटंही लागली नाहीत.

"बाबा जाईपर्यंत त्यांना माहीत नव्हतं?" मेलाहतने विचारलं.

"नाही."

"बरं झालं." ती खाली बसली. एक लाल खडा उचलून तिने तळहातावर ठेवला. चोचीचा की पायाचा, सांगता येत नव्हतं. "मला सकाळीच कळलं होतं."

"काय?"

"माझ्या जन्मगावात माझ्या भावाने मला तिकीट काढून फिरवलं, तेव्हा. म्हटलं, हा काहीतरी लांबवतोय. आणि लांबवण्यासारखं एकच काय असू शकतं."

"मग म्युझियममध्ये ते..."

"तुझ्यासाठीच बोलले. म्हटलं, आता सांगेल. दारापाशी सांगेल, जेवताना सांगेल. इल्यासने विचारलं तेव्हा तर मला वाटलं, आता सुटलो सगळे."

"मग थांबवलं का नाहीस?" हुर्शितचा आवाज चढला. "तुला माहीत होतं तर यंत्र का चालू करू दिलंस?"

मेलाहतने तळहातावरचा खडा उलटा करून पाहिला. अंजिरावर बुलबुल ओरडत होता.

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं," ती म्हणाली. "तेवढंच. एवढ्यासाठी मी गप्प राहिले, आणि ते सतराशे वर्षं टिकलेलं गेलं." तिने खडा परत खड्ड्यात ठेवला. "त्याचा काय दोष होता, दादा? आपण दोघं बोललो नाही, त्यात त्याचा काय दोष?"

गुल्तेन चहा घेऊन बाहेर आली, खड्डा पाहिला, दोघांची तोंडं पाहिली आणि ट्रे घेऊन परत आत गेली.

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता जमीन-कचेरीत मेलाहतने आपला हिस्सा भावाच्या नावावर केला. हुर्शित नको म्हणत होता. ती म्हणाली, "अंगण उघडून दाखव म्हटलं होतं. तू उघडलंस. मी माझा शब्द पाळते." कारकुनाने दोघांना अभिनंदन म्हटलं. अकराच्या बसने ती बुर्साला निघाली. हुर्शितने बॅग चढवली, गुल्तेनने दिलेला रानभाजीचा डबा हातात दिला. बस सुटेपर्यंत खिडकीतून दोघं हवेबद्दल बोलली.

अडीच वाजता हुर्शित म्युझियमच्या कचेरीत गेला. संचालिका तिशीची होती, चारच महिन्यांपूर्वी बदलून आलेली, त्याला गाइड म्हणून ओळखणारी. तिला वाटलं, तिकीट-खिडकीची तक्रार असेल. त्याने टेबलावर प्लास्टिकच्या डब्यात मूठभर खडे ठेवले आणि त्याच्या शेजारी कड्यांची कागदी पिशवी, पालथी.

तिने सगळं ऐकलं. फॉर्म काढला. घराला सील लागेल, विनापरवाना काम केल्याबद्दल खटलाही होऊ शकतो, हे शांतपणे सांगितलं. हुर्शितने मान डोलावली. काम करणाऱ्याचं नाव तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी." मग तिने पिशवी उजेडात धरून पाहिली.

"चित्र फार चांगलं आहे. पुस्तकातून बघून काढलंय का?"

"नाही," हुर्शित म्हणाला. "माझ्या बहिणीने काढलंय, मेलाहतने. पाच सप्टेंबर १९८२ला तिने ते अंगणात पाहिलं. मी तिथे होतो. मीही पाहिलं. असं लिहा."

तिने लिहिलं. एका ओळीत मावलं.

बाहेर पायरीवर बसून त्याने फोन लावला. बस वाटेतल्या अफ्योन शहराच्या पुढे होती, आवाज तुटत होता.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"तू पाहिलं होतंस म्हणून. लिहून दिलं. सही केली."

"कुणाला?"

"म्युझियमच्या संचालिकेला. नवी आहे. प्रोफेसर तर... ते नऊ वर्षांपूर्वीच वारले."

"माहीत आहे मला." मग तिने विचारलं, "ही किती वर्षांची आहे?"

"असेल तीस-एकतीस."

"म्हणजे तेव्हा जन्मलीही नव्हती."

"नाही."

"विश्वास बसला का तिचा?"

हुर्शितने मागे वळून पाहिलं. काचेच्या दारातून संचालिका दिसत होती, दिव्याखाली पिशवी धरून डाळिंबाची पानं मोजणारी.

"बसला," तो म्हणाला. "लगेच बसला."

पलीकडे बसचा ब्रेक करकरला. मग मेलाहत म्हणाली, "बस थांबतेय चहाला. ठेवते, दादा," आणि तिने फोन ठेवला.